सायपाय : तयार व्हील की सोर्सपासून बांधणी?

सायपाय ही पायथनची शास्त्रीय गणिताची लायब्ररी, आणि ती घालायच्या या दोन रीती. फोंड्यात माझ्याकडे दोन जुने लिनक्स लॅपटॉप आहेत, म्हणून दोन्ही रीती करून पाहिल्या. पहिल्यावर फक्त 'पिप इन्स्टॉल सायपाय' (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं घालणारं साधन). तयार व्हील, म्हणजे आधीच बांधलेलं पॅकेज, उतरलं, चहा गाळेपर्यंत काम आटोपलं. ओपनब्लास, म्हणजे मॅट्रिक्सची गणितं वेगाने करणारी लायब्ररी, त्यातच बांधून येतं; कोडचा चालता प्रोग्राम करणारा कंपायलर लागत नाही. बस्स, एवढंच.

सोर्सची, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः बांधण्याची, कथा लांब. माझ्या आवृत्तीत पायथनखेरीज सी, सी प्लस प्लस आणि फोरट्रानही होतं. तिन्हींचे कंपायलर आधी जमवा. २०२२ च्या १.९ आवृत्तीपासून बांधणी मेसॉन हे साधन करतं, त्यामुळे सेटअप डॉट पीवाय या आधीच्या बांधणी-फाइलची जुनी टिपणं आता बाजूला ठेवा. माझा पाऊण तास 'ओपनब्लास सापडत नाही' यातच गेला. लायब्ररी होती हो! पण तिचं डेव्ह पॅकेज (बांधणीला लागणाऱ्या जोडफायलींचं) घातलं नव्हतं, म्हणून तिचा पत्ता सांगणारी छोटी पीसी फाइलच नव्हती. मग ४ जीबी मेमरीत सगळे कोर एकदम लावले, मशीन गोठलं. एका वेळी दोनच जॉबवर (कामांवर) आणलं तेव्हा हललं. एवढ्यात जूनचा पाऊस, वीज गायब, बॅटरी मेलेली. पिपने बांधत होतो, तात्पुरता फोल्डर गेला, पुन्हा श्रीगणेशा. सोर्स उतरवून मेसॉनने स्वतःच्या बिल्ड फोल्डरात बांधलं असतं, तर मेसॉनच्या हाताखाली प्रत्यक्ष बांधणी चालवणाऱ्या निंजाने उरलेल्या फायलींपासून पुढे धरलं असतं.

सायपायच्याच कोडमध्ये हात घालायचा असेल, किंवा तुमच्या प्रोसेसरसाठी व्हीलच नसेल, तर सोर्स. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी? मुकाट्याने व्हील घ्या.