दहा दिवस फोनशिवाय: इगतपुरीच्या धम्मगिरीतील विपश्यना शिबिर

भाऊबीज आटोपल्यावर दुसऱ्याच दिवशी मी साताऱ्याहून इगतपुरीला निघाले, तेव्हा माझा उद्देश अगदी मर्यादित होता. दिवाळीच्या सुट्टीत काही दिवस तरी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपपासून लांब राहावे, झोप सुधारावी आणि डोक्यातली सततची गडबड थांबावी, एवढेच मला हवे होते. मी शाळेत शिकवते. पालकांचे गट, शिक्षकांचे गट, नातेवाइकांचे गट आणि त्यातून उरलेल्या वेळात फेसबुकवर जुन्या वाड्यांविषयी लिहिणे, असा माझा दिनक्रम झाला होता. फोनमधल्या नोंदीनुसार रोजचे चार तास दहा मिनिटे त्या पडद्यावर जात होती. घरी राहून फोन बंद ठेवण्याचा प्रयत्न तीन वेळा करून पाहिला, पण तो दोन दिवसांपलीकडे कधी टिकला नाही. म्हणून फोन हातातून काढूनच घेतला जाईल अशा ठिकाणी जायचे मी ठरवले. शिबिराला आता तीन महिने होऊन गेले आहेत, त्यामुळे तिथे काय मिळाले आणि त्यातले घरी काय टिकले, हे मोकळेपणाने सांगता येईल असे वाटते.

धम्मगिरी हे विपश्यना या ध्यानसाधनेचे भारतातील प्रमुख केंद्र असून ते नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी रेल्वे स्थानकापासून जवळच आहे. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशात ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकून 1969 साली ती भारतात आणली आणि 1976 पासून इगतपुरीत नियमित शिबिरे होऊ लागली. गोयंकाजींचे 2013 साली निधन झाले असले, तरी सूचना आणि रोजची प्रवचने आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली जातात आणि सहायक आचार्य साधकांच्या शंकांचे निरसन करतात. शिबिरासाठी अर्ज ऑनलाइन करावा लागतो. शिकवणे, राहणे आणि जेवण यांसाठी कोणतेही शुल्क नाही. सारा खर्च पूर्वी शिबिर पूर्ण केलेल्या साधकांच्या दानातून चालतो आणि नव्या माणसालाही शिबिर पूर्ण झाल्यावरच दान देता येते. एखादी गोष्ट पैसे न मोजता मिळाली की तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. माझ्यासाठी कुणा अनोळखी माणसाने आधीच खर्च केलेला आहे, ही जाणीव मला दहाही दिवस सोबत करत होती आणि पाचव्या दिवशी निघून जावेसे वाटले, तेव्हा तिनेच मला थांबवले.

नोंदणीच्या वेळी फोन जमा करावा लागतो. त्यासोबत पुस्तके, वही, पेन आणि गाणी ऐकण्याची साधनेही ठेवून द्यावी लागतात, कारण शिबिरात वाचन, लेखन आणि आपसांत बोलणे हे तिन्ही बंद असते. या मौनाला तिथे आर्य मौन म्हणतात आणि त्यात खाणाखुणा करणे किंवा नजरानजर करणेही अपेक्षित नाही. घरी काही तातडीचे घडले तर कार्यालयाच्या दूरध्वनीवर निरोप देता येतो, ही व्यवस्था आधी समजून घेतली, तर मन बरेच निश्चिंत होते. फोन बंद करून कापडी पिशवीत घालताना मी शेवटचा स्टेटस टाकण्याचा विचार केला आणि मग तो सोडून दिला. पिशवीच्या बदल्यात हातात एक क्रमांक आला, तो मी पाकिटात ठेवला आणि पहिल्या दोन दिवसांत निदान दहा वेळा तरी काढून पाहिला.

दिनक्रम कडक आहे. पहाटे चारला घंटा होते, साडेचार ते साडेसहा ध्यान, मग न्याहारी, आठपासून अकरापर्यंत पुन्हा ध्यान, अकराला जेवण, दुपारी एक ते पाच ध्यान, पाचला चहा किंवा दूध आणि सोबत हलके काही, सहा ते सात सामूहिक ध्यान, त्यानंतर प्रवचन, पुन्हा ध्यान आणि साडेनऊला दिवे मालवणे. सगळी बेरीज केली, तर दिवसाला सुमारे दहा तास बसणे होते. जेवण साधे, शाकाहारी आणि चवीचे होते. निवास स्वच्छ होता. याहून अधिक काही त्याबद्दल सांगण्याची गरज नाही, कारण तिथे कोणी राहण्याजेवण्यासाठी जात नाही.

पहिले तीन दिवस केवळ नैसर्गिक श्वासाकडे पाहायचे असते. नाकपुड्यांशी येणारा आणि जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा, त्याला लांबवायचे नाही, मोजायचे नाही, सोबत कोणतेही नाम घ्यायचे नाही. याला आनापान म्हणतात. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मला सलग पाच श्वासही पाहता येत नव्हते. घर सोडण्यापूर्वी मी एका पाडल्या जाणाऱ्या वाड्याच्या कोरीव दरवाजाविषयी लिहिले होते आणि त्याखाली एका अनोळखी गृहस्थाने ‘तुम्हाला यातले काय कळते’ अशी टिप्पणी केली होती. फोन इगतपुरीच्या कपाटात कुलूपबंद होता, तरी ती टिप्पणी माझ्यासोबत धम्मकक्षात, म्हणजे ध्यानाच्या दालनात आली. पहिल्या दिवशी मी त्यांना तीन परिच्छेदांचे उत्तर लिहिले, दुसऱ्या दिवशी ते अधिक सभ्य केले, तिसऱ्या दिवशी पुन्हा धारदार केले आणि हे सगळे डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून, श्वास पाहत आहे असे समजत. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की समाजमाध्यम फोनमध्ये असते. ते माझ्या मनात चालू राहू शकते आणि त्यासाठी त्याला नेटवर्क लागत नाही, हे त्या तीन दिवसांत मला इतके स्पष्ट दिसले की नंतर त्याविषयी शंका उरली नाही.

दुसरी गोष्ट त्याहून लहान आहे, पण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. पहाटे चारची घंटा झाली की जाग येताच माझा उजवा हात उशीखाली जाई. तिथे काही नाही हे मला ठाऊक होते, तरी हात जाई, चादर चाचपी आणि रिकामा परत येई. हे सलग पाच पहाटे घडले.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर जी संवेदना जाणवेल, मग ती उष्णता असो, खाज असो, ठणका असो किंवा मुंग्या असोत, ती तटस्थपणे पाहायची आणि तिला प्रतिसाद द्यायचा नाही. त्यानंतर दिवसातून तीन वेळा एक एक तास हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचे असते. याला अधिष्ठान म्हणतात. गुडघ्याच्या दुखण्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे नमूद केले पाहिजे. परंतु सहाव्या दिवशी पहाटे घंटा झाली आणि हात उशीकडे निघण्याच्या आधी तळहातात एक बारीक ताण आणि गळ्याखाली किंचित पोकळी जाणवली. मी पडल्या पडल्या त्याकडे पाहिले. काही क्षणांत ताण ओसरला आणि हात जागीच राहिला. इतकी वर्षे मला वाटत होते की मी बातमीसाठी किंवा मैत्रिणींच्या खुशालीसाठी फोन उचलते. त्या पहाटे दिसले की मी तो ताण घालवण्यासाठी फोन उचलत होते आणि ताण तर आपोआपच जात होता.

प्रवचनात गोयंकाजी स्वतःची एक हकिगत सांगतात. ब्रह्मदेशात उद्योजक असताना त्यांना तीव्र अर्धशिशीचा त्रास होता आणि त्यावर उपाय म्हणून ते 1955 साली ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी बरी व्हावी म्हणून येत असाल तर येऊ नका, असे ऊ बा खिन यांनी त्यांना स्पष्ट सांगितले. मन निर्मळ करण्यासाठी या, डोकेदुखी त्यासोबत गेली तर जाईल. हे ऐकताना मला माझा अर्ज आठवला. मीही फोनची सवय जावी एवढ्याचसाठी आले होते आणि शिबिर त्यासाठी मुळी रचलेलेच नाही. ज्यांना फक्त विश्रांती हवी आहे, त्यांनी कोकणात एखाद्या नातेवाइकाकडे आठ दिवस जावे. त्यांची ती गरज तिथे अधिक सुखाने भागेल.

सातव्या दिवशी न्याहारीनंतर बाहेर आले, तेव्हा समोरच्या डोंगरांवरून धुके खाली उतरत होते आणि केंद्रातल्या पॅगोड्याचा सोनेरी कळस तेवढा धुक्यावर दिसत होता. ते पाहताच मनात फोटोची चौकट बसली आणि खाली टाकायच्या दोन ओळीही तयार झाल्या. मी तिथेच उभी राहिले. ओळी विरल्या, धुके मात्र बराच वेळ होते. असे काही न टिपता आणि कोणाला न दाखवता शेवटचे केव्हा पाहिले होते, हे मला आठवेना.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याची साधना, शिकवल्यावर मौन सुटते. बायका एकदम बोलू लागल्या, काही रडल्या आणि दहा दिवस शेजारच्या आसनावर बसणाऱ्या बाईचे नाव मला तेव्हा प्रथम कळले. त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर मी आठवून पाहिले, तर एकही वाक्य पूर्ण आठवले नाही. शिबिर संपल्यावर फोन मिळाला, तो मी नाशिकहून पुण्याची बस धरेपर्यंत बंदच ठेवला. सुरू केल्यावर नऊशेहून अधिक संदेश आले. त्यांतले माझ्यासाठी म्हणून लिहिलेले अकरा होते.

समाजमाध्यमांपासून विश्रांती घेतल्याने खरोखर काही होते का, हा प्रश्न अनेकांना पडतो. याविषयी स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक मोठा प्रयोग 2020 साली प्रसिद्ध झाला. 2018 च्या अमेरिकन निवडणुकीआधी त्यांनी काही हजार लोकांचा अभ्यास केला आणि त्यांतील काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा रोजचा सुमारे एक तास मोकळा झाला, मनःस्वास्थ्यात थोडी पण मोजता येईल अशी सुधारणा झाली, बातम्यांची माहिती कमी झाली आणि प्रयोग संपल्यावरही त्यांचा फेसबुकचा वापर पूर्वीपेक्षा कमी राहिला. ‘थोडी’ हा शब्द मला माझ्या अनुभवाशी प्रामाणिक वाटतो. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून वेगळाच मार्ग धरला. तिथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास सारे गाव टीव्ही व मोबाइल बाजूला ठेवते. इगतपुरीचे दहा दिवस आणि वडगावचा दीड तास यांची तुलना मी बसमध्ये बराच वेळ करत होते. घर, मुले आणि नोकरी सोडून दहा दिवस निघणे सर्वांना शक्य नाही. भोंगा मात्र रोज वाजतो आणि शेजाऱ्याचाही फोन त्या वेळी बंद असतो, हे त्याचे मोठे बळ आहे.

आता घरचा हिशेब सांगते. पहिले चार आठवडे मी फेसबुकचे खाते निष्क्रिय ठेवले, सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसले आणि झोप अशी लागली, जशी बाळंतपणाच्या आधी लागत असे. पाचव्या आठवड्यात शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली, संध्याकाळचे बसणे सुटले आणि आठ दिवसांत फोन पुन्हा जेवणाच्या ताटाशेजारी आला. त्यावरून मला कळले की परिणाम टिकला होता तो रोजच्या बसण्यामुळे. इगतपुरीला जाऊन आल्यामुळे तो आपोआप टिकत नाही. सध्या पहाटेचा तास मी चुकवत नाही, संध्याकाळी जमेल तसे बसते आणि फेसबुक रविवारी संगणकावरच उघडते. फोनमधली नोंद आता एक तास वीस मिनिटांच्या आसपास असते आणि त्यातला बराचसा वेळ शाळेचा असतो.

कोणी जावे, याविषयी जबाबदारीने लिहायला हवे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असे केंद्राच्या नियमांतच सांगितले आहे आणि अर्जात त्याविषयीचे प्रश्न असतात. त्यांची खरी उत्तरे द्यावीत, कारण दहा तासांचे मौन ध्यान हे सौम्य काम नाही. फोनचा वापर हाताबाहेर गेल्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा झोप कोलमडली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत खास याच त्रासासाठी 2014 पासून ‘शट’ नावाचे क्लिनिक चालते. ज्यांची प्रकृती ठीक आहे, ज्यांना बारा दिवसांची रजा मिळू शकते आणि जे शेवटपर्यंत थांबण्याच्या तयारीने जातील, त्यांना मी हे शिबिर मनापासून सुचवेन. महाराष्ट्रात पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर परिसरात आणि मुंबईजवळ गोराईलाही केंद्रे आहेत, तेव्हा इगतपुरीला जागा मिळाली नाही तर तिथे अर्ज करावा. सुट्ट्यांच्या दिवसांतल्या जागा लवकर भरतात.

सोबत सैल सुती कपडे, शाल, पाण्याची बाटली आणि एक साधे हातघड्याळ न्यावे. फोन गेल्यावर वेळ पाहायलाही काही उरत नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते. परत आल्यावर मी मोती चौकातल्या दुकानातून किल्लीचे गजराचे घड्याळ आणले. ते उशाशी असते आणि फोन रात्री स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर.