वडिलांच्या घराण्याचा शोध: ‘आपले अभिलेख’ कितपत कामाची?

महसूल खात्याची ‘आपले अभिलेख’ ही सेवा जमिनीच्या कामांसाठी आहे. पण वडिलांच्या घराण्याचा माग काढणाऱ्याला घरबसल्या तिच्याइतकं पक्कं साधन दुसरं मिळणार नाही. घरात सांगितली जाते ती वंशावळ बहुतेक मुलग्यांचीच असते. लेकी, निपुत्रिक विधवा, थोरल्या बायकोची मुलं त्यातून हळूहळू गळतात. खातेदार वारला की तलाठ्याला मात्र वारसांची नावं लिहावीच लागत, आणि तो कागद आज स्कॅन होऊन संकेतस्थळावर आहे.

थेट ‘आपले अभिलेख’वर जाऊन आडनाव टाकायला जाऊ नका, तिथं गावाच्या कागदांचा शोध क्रमांकावरून लागतो. सुरुवात ‘भूलेख’ संकेतस्थळावरून करा. गाव निवडून नावानं किंवा आडनावानं गट क्रमांक काढा आणि 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा घ्या. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. उताऱ्यावर ‘जुने फेरफार क्र.’ असा रकाना असतो आणि प्रत्येक नावाशेजारी कंसात फेरफाराचा आकडा असतो. हे आकडे टिपून ठेवा, पुढचा सगळा शोध त्यांच्यावरच चालतो.

आता ‘आपले अभिलेख’वर खातं उघडून कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडा आणि क्रमांक टाका. सापडलेली पानं कार्टमध्ये टाकून मग उघडायची असतात. सर्वांत नवा फेरफार आधी घ्या आणि एकेक पायरी मागे जा. मधला एखादा टप्पा सोडून जुन्या नोंदीवर उडी मारली, तर एकाच नावाचे आजोबा आणि नातू एकमेकांत मिसळतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत असल्यामुळे हा घोटाळा हमखास होतो.

शोध अडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आजचा गट क्रमांक जुन्या कागदांसाठी वापरणं. 1947 च्या एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी पुढे सर्व्हे नंबरांचे गट झाले. त्याआधीचा कागद सर्व्हे नंबर आणि हिश्श्यावरच सापडतो. जुन्या-नव्या क्रमांकांच्या जुळणीसाठी भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गट स्कीमचा 9(3), 9(4) उतारा घ्यावा लागतो. जिल्हाही तपासा. पालघर 2014 पर्यंत ठाण्यात होता, सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत, लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत. जुनी दफ्तरं कधी कधी जुन्याच ठिकाणी राहिलेली असतात.

खरी मेहनत वाचनात आहे. फेरफाराच्या पानावर चार रकाने असतात: नोंदीचा क्रमांक, हक्काचं स्वरूप, कोणत्या सर्व्हे नंबरांवर परिणाम झाला, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा व सही. नाती दुसऱ्या रकान्यात असतात. ‘खातेदार मयत, वारस थोरली बायको, धाकटी बायको, धाकटीपासून दोन मुलगे’ अशा वाक्यात कधी कधी घरात कुणी न उच्चारलेली आजी उभी राहते. यात धक्का बसण्यासारखं काही नाही. मुंबई प्रांतात 1946 च्या कायद्यानं दुसऱ्या लग्नाला बंदी आली, विदर्भ-मराठवाड्यात 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं. त्याआधी ते कायदेशीरच होतं आणि दोन्ही बायकांची मुलं वारस म्हणून लागत.

‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, हा शेरा दिसला की थांबा. तिथं थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि धाकटे भाऊ कागदावर दिसतच नाहीत. पुढे कधीतरी ‘ए. कु. मॅ. शेरा कमी’ असा फेरफार होतो, आणि तेव्हा चुलत्यांची, त्यांच्या विधवांची, शहरात गेलेल्या मुलांची सगळी नावं एकदम येतात. हरवलेली शाखा शोधायला माझ्या मते यापेक्षा चांगला कागद नाही.

दुसरा शेरा ‘अ. पा. क.’, अज्ञान पालन कर्ता. वारस लहान असेल तर त्याच्या नावापुढे पालकाचं नाव लिहीत. पालक आई असेल तर तिचं नाव कळतं. मामा असेल तर मामाचं पूर्ण नाव मिळतं आणि आजीचं माहेर हाताला लागतं. एरवी माहेरची बाजू महसुली कागदांत जवळपास दिसत नाही, म्हणून या तीन अक्षरांवरून नजर घाईनं पुढे नेऊ नका.

दत्तकाची नोंद चकवते. मुलगा बहुधा भावकीतूनच घेतलेला असतो, त्यामुळे एकच माणूस एका कागदात सख्ख्या बापाचा मुलगा म्हणून आणि दुसऱ्यात दत्तक बापाच्या नावानं दिसतो. दोघं वेगळे समजून वंशावळ आखली तर एक शाखा उगाच वाढते. ‘दत्तकपत्र’ हा शब्द आणि त्याची तारीख शोधा.

मुलगे असलेल्या घरात 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदींत लेकींची अपेक्षा ठेवू नका. नंतर त्या येतात, पण बऱ्याचदा सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात. पुढे त्यांनी भावांसाठी हक्कसोडपत्र केलं असेल तर तो दस्त जरूर काढा. त्यात प्रत्येकीचं सासरचं नाव, वय आणि राहण्याचं गाव लिहिलेलं असतं. लग्नानंतर नावही बदललेल्या आत्या-आजीपर्यंत पोचायचा तो सरळ रस्ता आहे.

सेवेच्या मर्यादाही कळायला हव्यात. सगळ्या तालुक्यांचं सगळं दफ्तर तिथं नाही. संकेतस्थळावर कागद नाही म्हणून नोंदच नाही, असं समजू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. अर्जात ‘घराण्याची माहिती मिळावी’ असं लिहिलं तर तो तसाच पडून राहतो. ‘मौजे अमुक, गाव नमुना 6, फेरफार क्र. इतके ते इतके’ असं नेमकं लिहा (नमुना 6 म्हणजे फेरफारांची वही) आणि वारस नोंदवहीसाठी नमुना 6-क वेगळा मागा.

मराठवाड्याचे जुने कागद उर्दूत आणि फसली सालात, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेत, असतात. फसली आकड्यात 590 मिळवले की त्या वर्षाच्या सुरुवातीचं इसवी साल निघतं. तिथं 1954-55 चं खासरा पत्रक आणि विदर्भात त्याच वर्षाचा अधिकार अभिलेख, म्हणजे तेव्हा जमीन कुणाच्या नावावर होती ते सांगणारे कागद, हा भक्कम टप्पा आहे. पश्चिम महाराष्ट्रात मोडीची तयारी ठेवा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे नावं चुकीची लागू शकतात. वाचकाकडून नुसती नावं न घेता पूर्ण पानाचं लिप्यंतर घ्या. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, बरीच पानं वाचायची असतील तर तो वर्ग केलेला परवडतो.

जमीन नसलेल्या घरांना ही सेवा जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि तो तिचा खरा उणेपणा आहे. त्यांनी गाव नमुना 14 मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा धरावा. नमुना 14 मध्ये मुलाचं नाव कोरं आणि फक्त बापाचं नाव असं बरेचदा असतं, म्हणून जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी ताडून बघा. महार वतनाची जमीन असलेल्या घरांनी मात्र ‘आपले अभिलेख’ सोडू नये. ही वतनं 1958 च्या कायद्यानं संपली, पण त्यांच्या उताऱ्यांवर भावकीच्या नावांची लांबच लांब यादी असते. पानाच्या तळाशी ती तुटली तर पुढच्या पानाचा क्रमांकही मागा.