जबड्याचा सांधा दुखतोय: व्यायाम, स्प्लिंट, इंजेक्शन की शस्त्रक्रिया?

जबड्याचं दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की सल्ले वाढत जातात. दंतवैद्य स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचं प्लास्टिकचं आवरण, सुचवतात, फिजिओथेरपिस्ट व्यायाम सांगतात, सर्जन सांधा धुऊन घ्या म्हणतात. यातून निवड करताना मी आधी एकच गोष्ट बघेन: गुण आला नाही तर हा उपचार थांबवून पूर्ववत होता येतं का?

सांध्यातून नुसता ‘टक’ आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर उपचाराची गरजच नाही.

दुखत असेल तर सुरुवात व्यायामाने करा. २०२३ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, हाताने केलेली फिजिओथेरपी आणि वेदनेसाठीचं समुपदेशन (सीबीटी) यांची ठाम शिफारस आहे. व्यायाम दिसायला अगदी किरकोळ वाटतो. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवायचं आणि ते सुटू न देता तोंड सावकाश उघडायचं, मिटायचं. दिवसभर ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवायचे. स्क्रीनसमोर बसल्यावर दात किती वेळा आवळले जातात, हे लक्ष ठेवल्याशिवाय कळत नाही. फरक पडायला आठवडे लागतात आणि नेमकी इथेच माणसं कंटाळून सोडून देतात.

स्प्लिंटबद्दल त्याच सूचना सावध आहेत: निव्वळ दुखण्यासाठी शक्यतो नको. रात्री दात खात असाल तर दातांची झीज वाचवायला ती घ्यावी, पण सगळे दात झाकणारी. फक्त पुढचे दात झाकणारी स्प्लिंट सतत वापरली तर दातांची ठेवण बिघडू शकते.

बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, याचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. जुनाट दुखण्यासाठी या सूचना त्याच्याही बाजूच्या नाहीत. सांधा सुयांनी धुणं, म्हणजे आर्थ्रोसेंटेसिस, याबद्दलही तेच. तोंड अडकून उघडेनासं झालं आणि व्यायामाने सुटलं नाही, तर मात्र त्याचा विचार होतो.

दुखणं जावं म्हणून दात घासून चावा ‘जुळवून’ घेऊ नका. घासलेला दात परत येत नाही. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हाडं जुळून आलेल्या किंवा पार झिजलेल्या सांध्यासाठी आहे. १९८० च्या दशकात जबड्याच्या सांध्यात बसवलेले टेफ्लॉनचे काही इम्प्लांट (कृत्रिम भाग) तुटले आणि त्यांनी भोवतालचं हाड खाल्लं. ते भोगलेल्या रुग्णांकडे पाहता इथे घाई नकोच.

पन्नाशीनंतर चावताना जबडा नव्याने दुखू लागला आणि सोबत डोकेदुखी किंवा नजरेत फरक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यामागे डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. चालताना, जिना चढताना जबडा दुखत असेल तर हृदय तपासून घ्या. दुखणं अचानक आलं, छातीत दडपण किंवा घाम असेल तर थेट इस्पितळात जा.