सदाशिव पेठेतील प्रायोगिक छायाचित्रण कार्यशाळा: एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर रविवारी भरणाऱ्या प्रायोगिक कला व छायाचित्रण कार्यशाळेला मी गेल्या हिवाळ्यात प्रवेश घेतला होता. मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. कॉलेजात डिजिटल कॅमेरा, प्रकाशयोजना आणि फोटोशॉप व्यवस्थित शिकवतात, परंतु स्वतः कागदाला रसायन लावून प्रतिमा उमटवण्याची संधी तिथे फारशी मिळत नाही, म्हणून हा खटाटोप केला. साहित्यासह चार हजार रुपये शुल्क विद्यार्थ्याच्या खिशाला जड असल्यामुळे अभिप्राय आधीच नोंदवते: रसायने, ऊन आणि पत्र्याचा डबा यांची सत्रे पैसे वसूल करणारी आहेत, मोबाइल हातात घेऊन केलेली सत्रे तशी नाहीत. हा फरक साधनांमुळे पडला असे मला वाटत नाही. ज्या सरावात काय बदलायचे आणि काय कायम ठेवायचे हे ठरलेले होते तो प्रयोग झाला, आणि जिथे ते ठरलेले नव्हते तिथे चार घटका करमणूक झाली.

सुरुवात रेखाटनाने होते. समोरच्या वस्तूवरून नजर न हटवता, कागदाकडे न पाहता आणि पेन्सिल न उचलता तिची बाह्यरेषा काढायची, हा पहिला सराव. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन आलेल्यांना तो विशेष जड जातो, कारण तांब्या कसा ‘दिसायला हवा’ हे हाताला आधीच पाठ झालेले असते आणि डोळा कामाला लागण्यापूर्वीच हात रेघ ओढून मोकळा होतो. चित्र वेडेवाकडे येते, पण तांब्याच्या काठावरचा पोचा त्यात येतो, जो नेहमीच्या वस्तुचित्रात आपण नकळत दुरुस्त करून टाकतो.

कार्यशाळेचा कणा मात्र सायनोटाइप, म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर निळी प्रतिमा उमटवण्याची पद्धत, हा आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या या पद्धतीने वनस्पतींच्या अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी पुढच्याच वर्षी समुद्रशैवालांच्या प्रतिमांच्या पुस्तकाचा पहिला भाग काढला, आणि नंतर कित्येक दशके इमारतींचे व यंत्रांचे निळे नकाशे याच रसायनावर निघत राहिले. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी ठेवलेली द्रावणे ऐन वेळी समप्रमाणात मिसळायची, मंद पिवळ्या दिव्यात कागदावर पातळ हाताने लावायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर निगेटिव्ह (उजेड-सावली उलट असलेली चित्राची पारदर्शक प्रत) किंवा एखादे पान ठेवून काचेखाली उन्हात मांडायचा आणि शेवटी पाण्यात धुवायचा, एवढीच ही कृती आहे. अतिनील किरण पडतील तिथे प्रशियन निळा रंग तयार होऊन कागदाच्या तंतूंत अडकून बसतो. जिथे ऊन पोचलेले नाही तिथले द्रावण पाण्याबरोबर निघून जाते.

कृती सोपी असली तरी पहिल्या खेपेला कोणाचेच चित्र धड आले नाही, आणि शिकवणाऱ्या मॅडमनी ते मुद्दाम येऊ दिले नाही, असा मला संशय आहे. त्यांनी त्यानंतर चाचणीपट्टी करायला लावली. एका लांबट कागदावर निगेटिव्ह ठेवून तो गच्चीत मांडायचा आणि दर दोन मिनिटांनी पुठ्ठा एक बोट पुढे सरकवत न्यायचा. धुतल्यावर पट्टीवर निळ्याच्या पायऱ्या दिसतात: दोन मिनिटांची पायरी जवळजवळ पांढरी, मधल्या दोन पायऱ्यांत निगेटिव्हमधील बारकावे शाबूत, आणि शेवटी सावलीतले सगळे तपशील गिळून टाकणारा गर्द निळा. प्रत्येक पट्टीच्या मागे कागदाचा प्रकार, उन्हाची वेळ आणि द्रावणाचे हात पेन्सिलीने लिहिण्याची सक्ती होती. तेव्हा ती कटकट वाटली. पण दुपारी तीननंतरची पट्टी बाराच्या पट्टीशेजारी ठेवली, तेव्हा डोळ्याला सारखेच वाटणारे ऊन कागदाला अजिबात सारखे नसते हे स्वच्छ दिसले. सूर्य कलला की अतिनील किरण दृश्य प्रकाशाच्या मानाने फार झपाट्याने कमी होतात.

असाच एक धडा पाण्याने दिला. वाड्यात मोरीशेजारी महापालिकेच्या नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी अशी दोन पिंपे होती. गर्दीमुळे काहींनी बोअरच्या पाण्यात प्रिंट धुतले आणि त्यांचा निळा फिका पडत गेला, कारण अल्कधर्मी पाणी या रंगाला सोसत नाही. पाण्यात थोडे व्हिनेगर घातल्यावर पुढचे प्रिंट टिकले. कागदाच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो: पिवळा पडू नये म्हणून ज्या कागदात चुनखडी मिसळलेली असते, तो महाग असूनही सायनोटाइपला मारक ठरतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला जाड कागद आणि साधा कार्ट्रिज कागद यांची तुलना करायला लावली, हे चांगले केले. हातकागदावर रंग खोल उतरतो, पण त्याच्या खरखरीत पोतामुळे बारीक रेषा फुटतात. त्यामुळे पानाफुलांसाठी तो उत्तम आणि माणसाच्या चेहऱ्यासाठी गैरसोयीचा, असे माझे मत झाले. पत्र्याची पट्टी असलेला ब्रश मात्र कोणीही नेऊ नये. त्याचा गंज द्रावणात उतरला की कागदावर निळे ठिपके पडतात. आम्ही बांबूच्या दांडीचे, धातू नसलेले ब्रश वापरले.

हळदीच्या प्रतिमांचे सत्र या मानाने संथ होते. स्पिरिटमध्ये भिजवून गाळलेली हळद कागदाला लावायची, कागद काही तास कडक उन्हात ठेवायचा आणि मग टाकणखाराच्या पाण्यातून काढायचा. उन्हाने फिकट झालेला भाग तसाच राहतो आणि झाकलेला भाग तांबूस तपकिरी होतो. हळदीला खार लागला की ती लाल होते हे कुंकू करणाऱ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यामुळे वर्गातल्या वयस्क काकूंना यात नवल वाटले नाही आणि आम्हा मुलांनाच वाटले. ही प्रतिमा पक्की करता येत नाही. उजेडात ती हळूहळू विरते. ही अडचण पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती, कारण काहींनी ते प्रिंट फ्रेम करून भेट द्यायचे ठरवले होते.

भिंगाऐवजी सुईच्या भोकातून चित्र टिपणाऱ्या पिनहोल कॅमेऱ्याचे सत्र मला सर्वांत आवडले, आणि तक्रारही त्याच सत्राबद्दल सर्वांत मोठी आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला आतून काळा रंग द्यायचा, शीतपेयाच्या कॅनमधून कापलेल्या पातळ पत्र्याला सुईने भोक पाडायचे, त्याची कड बारीक पॉलिश पेपरने घासून साफ करायची आणि समोरच्या भिंतीवर फोटोपेपर चिकटवायचा. दहा सेंटिमीटर अंतराला साधारण ०.४ मिलिमीटरचे भोक योग्य ठरते, म्हणजे छिद्रमान (अंतराला भोकाच्या व्यासाने भागून येणारा आकडा; तो जितका मोठा तितका उजेड कमी) सुमारे एफ २५० होते, आणि फोटोपेपरची संवेदनशीलता मुळातच कमी असल्याने भर उन्हातही अर्धा ते एक मिनिट झडप उघडी ठेवावी लागते. एवढ्या वेळात रस्त्यावरून चालणारी माणसे कागदावर उमटतच नाहीत. लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळाचे माझे चित्र कर्फ्यूत काढल्यासारखे दिसते: एकही माणूस नाही आणि कडेला लावलेल्या स्कूटरी तेवढ्या ठसठशीत. कॅमेरा काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे कॉलेजातल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा मला या डब्याने अधिक नीट समजावले.

तक्रार डार्करूमची. जाहिरातीत डार्करूम असा उल्लेख आहे. प्रत्यक्षात खिडकीला काळे कापड लावलेले न्हाणीघर आहे आणि कापडाच्या कडेने उजेड आत येतो. त्यामुळे अनेकांच्या कागदाच्या कडा करड्या पडल्या. फोटोपेपर मोजून दिला जात असल्याने बिघडलेल्या कागदाच्या बदल्यात नवा मिळाला नाही. प्रतिमा उमटवणारे डेव्हलपर आणि ती पक्की करणारे फिक्सर ही रसायने हाताळताना हातमोजेही मागून घ्यावे लागले. एवढे शुल्क घेणाऱ्यांनी यात हात आखडता घेऊ नये.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेऊन केलेला ठशांचा सराव छोटा पण नेमका होता. चित्रकार माक्स एर्न्स्ट यांनी १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासत चित्रे केली, त्याच धर्तीवर आम्ही कारागिरांची परवानगी घेऊन मठारकाम केलेल्या, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेल्या भांड्यांवर पातळ कागद धरून ग्राफाइट फिरवले. हातोडीचा प्रत्येक ठोका कागदावर वेगळा उमटतो. ओळीने पडलेल्या ठोक्यांमध्ये अंतर कुठे चुकले, हे भांड्यावर दिसत नाही आणि कागदावर लपत नाही.

यानंतरची मोबाइलची सत्रे मात्र ढिली पडली. मंडईत पहिल्यांदा गेलो तेव्हा अष्टकोनी मनोऱ्याखाली एका जागी उभे राहून, पाय न हलवता, फक्त सावल्या टिपायच्या अशी अट होती आणि त्यातून बरे काम निघाले. दुसऱ्या वेळी ‘शहराचा गोंधळ तुमच्या नजरेतून’ एवढाच विषय देऊन एका अ‍ॅपमध्ये दुहेरी एक्स्पोजर करायला सांगितले. भाजीच्या ढिगावर कोणाचा तरी चेहरा चढवलेली चित्रे सगळ्यांचीच आली, आणि सरांनी सगळ्यांना ‘छान, वेगळं आलंय’ असे सांगितले. माझ्या मते हीच या कार्यशाळेची मुख्य उणीव आहे. सायनोटाइपच्या वेळी चित्र का फसले यावर अर्धा-अर्धा तास बोलणारी हीच मंडळी शेवटच्या मांडणीत कोणाच्याही कामावर बोट ठेवायला तयार नव्हती. हौसेने आलेल्यांना कौतुक पुरत असेल. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला आपले चित्र शेजाऱ्याच्या चित्रापेक्षा का कमी पडले हे ऐकायचे असते.

जाणाऱ्यांनी निगेटिव्ह पारदर्शक ओएचपी शीटवर आधीच छापून न्यावेत. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास शीट सहज मिळतात, पण साध्या लेझर प्रिंटरची काळी छपाई बहुधा पुरेशी दाट नसते आणि तिच्यातून ऊन झिरपते, म्हणून एकच निगेटिव्ह दोनदा छापून एकावर एक तंतोतंत जुळवावा. पावसाळ्यातल्या तुकडीत नाव घालण्यापूर्वी अतिनील दिव्यांची पेटी आहे का, हे फोन करून विचारावे. आमच्या वेळी तरी ती नव्हती आणि सगळी भिस्त गच्चीवरच्या उन्हावर होती.