खडेबाजारातलं जर्सीचं दुकान : शिक्का बघून छापतात

दुकान बेळगावच्या खडेबाजारात पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना असा उभा की वर पोचेपर्यंत माझे गुडघे कुरकुरायला लागतात. खालच्या पाटीवर कन्नड मोठं, मराठी बारीक, त्यामुळे नवखा माणूस दोनदा पुढे जाऊन परत येतो. मी तीस वर्षं इथल्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर, म्हणजे खेळाचा पी.डी., होतो. जर्सीच्या कापडावर हात फिरवला की पहिल्या पावसात त्याचं काय होणार ते कळतं, तेवढ्या अधिकारानं लिहितोय.

काम लग्नाचं होतं. पुतणी कॅलिफोर्नियात बर्कलेला शिकली. जावई धारवाडचा, घरात कन्नड, पण शिकला स्टॅनफर्डला. ही दोन्ही विद्यापीठं तासाभराच्या अंतरावर आणि एकमेकांची हाडवैरी. त्यांची फुटबॉलची झुंज १८९२ पासून चालू आहे आणि जिंकणाऱ्याला कुऱ्हाड मिळते. खरीखुरी कुऱ्हाड, चषक म्हणून. मग ठरलं की हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी लेले मैदानावर मुलीकडचे विरुद्ध मुलाकडचे असा सात-सातचा सामना. आपला फुटबॉल हो, त्यांचा तो हातात धरून पळायचा नव्हे. मुलीकडच्यांना निळ्या-पिवळ्या सात, मुलाकडच्यांना लाल सात.

पुतणीनं तिच्या जुन्या टी-शर्टाचा फोटो पाठवला. बाहीवर 'पॅक-१२'चा शिक्का. मी तो तसाच दुकानात दिला. निळ्यातला एक नमुना छापूनही झाला. मग संगणकावर बसणाऱ्या मुलीनं नक्षी स्वच्छ मिळावी म्हणून विद्यापीठाचं पान उघडलं आणि मला फोन केला, "सर, इथं बाहीवर दुसराच शिक्का दाखवतंय बघा की. तुम्ही दिलेला जुना हाय काय?"

जुनाच होता. पुतणीला विचारलं तर ती आधी हसली, मग अर्धा तास तेच सांगत बसली. अमेरिकेत विद्यापीठांचे खेळासाठी गट असतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. बर्कले ज्या गटात होतं तो, म्हणजे टी-शर्टावरचा 'पॅक-१२', १९१५ साली स्थापन झाला, आणि स्थापन करणाऱ्या चौघांत बर्कले स्वतः होतं. पुढं फुटबॉल टीव्हीवर दाखवायचे पैसे आडवे आले. लॉस एंजेलिसची दोन मोठी विद्यापीठं २०२२ मध्ये 'बिग टेन' या दुसऱ्या गटाकडे निघाली, उरलेल्यांना मनासारखा करार मिळेना, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात एकेक करत सगळे पांगले. मागं राहिली दोन, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. बर्कले आणि स्टॅनफर्डनं 'एसीसी' गाठली. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, तिसराच गट. पॅसिफिकच्या काठावरची पोरं ऑगस्ट २०२४ पासून अटलांटिक किनाऱ्याची झाली, आणि तीही पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला जेमतेम ३० टक्के वाटा घेऊन.

मी हे दुकानात सांगितलं तर मालक म्हणाले, "म्हणजे गाव तिथंच, जिल्हा बदलला म्हणा की सर." बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, २०१४ मध्ये सरकारी कागदावर नावही बदललं. घर होतं तिथंच आहे.

पण एक फरक आहे, तो मला पी.डी. म्हणून टोचतो. २०१० मध्ये आमची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून निघून राणी चन्नम्मा विद्यापीठात आली. ब्लेझर, बॅनर, जर्सी सगळं बदललं, खर्च झाला, मी कुरकुर केली. तरी सही-शिक्क्यासाठी धारवाडची लाल बस धरावी लागायची, ते काम बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीवर भागू लागलं. विद्यापीठ जवळ आलं. बर्कलेचं उलटं. फुटबॉलचा सौदा, आणि व्हॉलीबॉलच्या पोरींनी चार हजार किलोमीटरवर बोस्टनला जाऊन खेळायचं, परत येऊन परीक्षा द्यायची. माझ्या पोरांना विजापूरच्या सामन्याहून रात्री परत आणलं की सकाळच्या तासाला निम्मी झोपलेली असायची, ते आठवलं. ज्यानं ठरवलं त्यानं एकदा तरी संघ घेऊन प्रवास केलाय का, असं विचारावंसं वाटतं.

असो, जर्सीकडे येतो. कापड डॉट निट, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या विणीचं, १६० जीएसएम (चौरस मीटरला १६० ग्रॅम), बेळगावच्या हवेला चांगलं. अंगावरची छपाई सब्लिमेशनची, रंग कापडात मुरलेला, निळा अगदी नेमका उतरला. स्टॅनफर्डच्या 'एस'मधलं झाडसुद्धा स्पष्ट; "खेळाच्या जर्सीवर झाड कशाला?" हे मालकांनी विचारलंच. शिक्का दुसऱ्याचा म्हणून छापण्याआधी "विकायला नाही ना सर?" हेही विचारून घेतलं, ते मला आवडलं. दर ३८० रुपये, निम्मे आगाऊ.

तक्रार लाल जर्सीची. तिचे आकडे उशिरा ठरले म्हणून हीट प्रेसनं वरून चिकटवले आणि पहिल्याच धुण्यात ७ चा १ झाला. जावयाच्या मामाची जर्सी, त्यामुळे बोलणी मला खावी लागली. परत नेल्यावर फुकट चिकटवून दिले, पण "उलटी करून धुवा" हे आधी सांगायला काय झालं होतं? शिवाय शनिवारी देतो म्हणाले ते सोमवारी संध्याकाळी मिळालं. लग्नाचं काम असेल तर तारीख चार दिवस अलीकडची सांगा.

सामना मुलाकडच्यांनी ३-१ जिंकला. कुऱ्हाड म्हणून घरातला नारळ सोलायचा कोयता लाल रिबीन बांधून दिला.

जुन्या शिक्क्याच्या नमुन्याचे पैसे दुकानानं लावले नाहीत. तो मी सकाळी फिरायला जाताना घालावा म्हणून ठेवला होता. निघायच्या दिवशी पुतणीनं बॅग परत उघडली आणि म्हणाली, "काका, ती मला द्या. मी ॲडमिशन घेतलं तेव्हा हाच शिक्का होता."