नेरुळमध्ये दारात येणारी डॉग ग्रूमिंग व्हॅन: पैसे शाम्पूचे नाहीत, वाळवायचे

आमच्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याचं नाव भोपळा. वजन 34 किलो आणि आमची बाथरूम सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधली, म्हणजे भोपळा आत शिरला की आंघोळ घालणाऱ्याने कुठे उभं राहायचं हा प्रश्नच आहे. चार वर्षं कसंबसं घरी निभावलं, मग गेल्या मे महिन्यात एका चकाचक पार्लरमध्ये नेला (नाव घेत नाही, उगाच भांडण नको), तिथे काउंटरवरच्या मुलीने उन्हाळा आहे तर समर कट करूया म्हटलं आणि मी बावळटासारखी हो म्हटलं. दीड तासाने बाहेर आलं ते भोपळा नव्हतं, सोललेलं काहीतरी होतं. नंतर डॉक्टर जे बोलले ते ऐकून घ्यावं लागलं, की गोल्डनला दोन थर असतात, वरचे लांब केस आणि आतली मऊ लोकर, आणि वरचा थर त्याला उन्हापासून वाचवतो, तोच तुम्ही काढून टाकलात. शिवाय आतली लोकर पटापट वाढते आणि वरचे केस सावकाश, त्यामुळे ऑगस्टपर्यंत तो जुन्या घोंगडीसारखा दिसत होता, चमक वगैरे विसराच.

त्याच पार्लरमध्ये जुलैमध्ये परत नेला (हो, परत नेला, अक्कल उशिरा येते). वरून छान फुगवलेला, अत्तर मारलेलं, गळ्यात रुमाल. घरी आल्यावर पोटाखाली हात घातला तर आत ओलं. दोन दिवसांनी हॉलमध्ये ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला, सासूबाई म्हणाल्या पावसाचा वास आहे, नवरा म्हणाला सोफ्याचा, शेवटी भोपळ्याचा निघाला. कानामागे लाल चट्टा, सारखं खाजवणं, केस तेलकट आणि खाली कोंडा. डॉक्टरांनी कातडीला चिकटपट्टी लावून काच मायक्रोस्कोपखाली धरली आणि म्हणाले यीस्ट आहे, मॅलेसेझिया नावाची बुरशी. ते कुत्र्याच्या अंगावर थोडंफार असतंच, पण पावसाळ्यात केस आतून ओले राहिले की माजतं.

तर आता या व्हॅनबद्दल. आमच्या विंगमधल्या लॅब्रॅडॉरवाल्या काकूंनी नंबर दिला. फोन केला तर व्हॅनवाल्या मुलाने पहिलंच विचारलं, "ताई, मानेवर गोचिडांचं औषध कधी घातलंय?" मी म्हटलं कालच. तर म्हणे मग आज नाही, मागेपुढे दोन-दोन दिवस आंघोळ नको, औषध धुतलं जाईल. गिऱ्हाईक स्वतःहून पुढे ढकलणारा माणूस, तिथेच मला आवडला.

व्हॅन म्हणजे साधा टेम्पोच, आत पाण्याची टाकी, स्टीलचा टब, टेबल आणि भिंतीला टांगलेला ब्लोअर. मुलगा साताऱ्याकडचा, पंचविशीचा असेल, बोलतो कमी. आणि आल्या आल्या आंघोळ नाही! आधी कोरड्या अंगावर कंगवा. मी विचारलं तर म्हणाला जट आधी सोडवायची, पाणी लागलं की ती आवळते, मग कात्रीशिवाय निघत नाही. कानामागे, काखेत, शेपटीखाली आणि पट्ट्याच्या खाली, याच चार ठिकाणी जटा होत्या, मी रोज वरवरून ब्रश फिरवत होते आणि मला वाटत होतं काम झालं. त्याने एका हाताने केस वर धरले आणि खालून एकेक पदर सोडत विंचरले, आपण साडीच्या निऱ्या सोडतो ना तसे, प्रत्येक पदराखाली गुलाबी कातडी दिसली पाहिजे. ब्रश झाल्यावर स्टीलचा कंगवा मुळापासून घातला, कुठे अडला की परत मागे. या एका गोष्टीला पाऊण तास गेला. निघालेल्या केसांत अजून एक छोटा भोपळा तयार झाला असता.

मग आंघोळ, कोमट पाणी, शाम्पू मगमध्ये पातळ करून. डॉक्टरांनी दिलेला क्लोरहेक्सिडिनवाला औषधी शाम्पू मी दिला होता, त्याने लावून मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावला, कारण तो तितका वेळ अंगावर राहिला तरच उपयोग. मी घरी दोन मिनिटांत धुवून टाकायचे. आणि खरं सांगायचं तर आधीची चार वर्षं बेबी शाम्पू वापरत होते, बाळाला चालतं तर याला का नाही म्हणून. माणसाची कातडी जरा आम्लाकडे झुकणारी, साडेपाचच्या आसपास पीएच, कुत्र्याची सातच्या जवळपास, त्यामुळे माणसांचा शाम्पू त्यांच्या कातडीला मानवत नाही.

आणि मग वाळवणं. मी घड्याळ बघितलं, 50 मिनिटं! आधी टॉवेल, तेही चोळून नाही तर दाबून, मग ब्लोअर, हवा गरम नाही पण जोर असा की केसांत गोल भोवरा पडतो आणि तळाशी कातडी दिसते. तो भोवरा तो शेपटीकडून मानेकडे इंच-इंच सरकवत नेत होता, आधी पाण्याचे तुषार उडाले, मग कोंडा, मग सुटलेली लोकर. मधेच थांबला, पंजा उघडला आणि बोटांच्या मधे दोन गोचीड दाखवले. चिमट्याने काढले, डबीत टाकले आणि म्हणाला, "ताई, ताप आला, खाणं सोडलं तर थांबू नका, डॉक्टरला रक्त दाखवा." कानामागचा चट्टासुद्धा दाखवला आणि म्हणाला हे माझं काम नाही. शेवटी पोटाखाली आणि कानामागे हाताची उलटी बाजू लावून बघितली, थंड लागलं की अजून ओलं आहे म्हणे. आता मी पण तसंच बघते.

मोठ्या कुत्र्याचे 1800 घेतले, नखं आणि कान धरून. महाग वाटतं, पण तो शाम्पू तर माझाच होता, पैसे त्या 50 मिनिटांचे आहेत. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत 34 किलोचा दुहेरी केसांचा कुत्रा पंख्याखाली वाळत नाही, बाल्कनीतला टॉवेल जिथे तीन दिवस वाळत नाही तिथे याचं काय.

आता तक्रारी. पहिल्या वेळी 40 मिनिटं उशिरा आला आणि कळवलं नाही. ब्लोअरचा आवाज भयंकर, भोपळा पहिल्यांदा टेबलावर थरथरत होता, कानावर कापडी पट्टी चढवली तेव्हा जरा शांत झाला, घाबरट कुत्रा असेल तर आधी नुसता आवाज ऐकवायला सांगा. पाणी सोसायटीच्या गेटसमोरून वाहिलं, सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये सुनावलं. आणि शेवटी शाइन स्प्रे विकायचा प्रयत्न, 250 रुपये. पहिल्यांदा घेतला, फोटोत मस्त चकाकला, पण तो वरून सिलिकॉनचा मुलामा असतो, सारसोळे जेट्टीकडे चिखलात एकदा लोळला की संपलं. दुसऱ्या वेळी नको म्हटलं, त्यानेही जास्त आग्रह केला नाही.

सासूबाईंचा उपाय खोबरेल तेल होता. एक रविवारी मी ऑफिसच्या कामात असताना त्यांनी अर्धी वाटी चोळली, भोपळ्याने निम्मं चाटलं, निम्मं सोफ्याला लागलं, आणि उरलेल्यावर अख्ख्या सेक्टरची धूळ चिकटली. चाटून पोट बिघडलं ते वेगळंच.

खरी चमक व्हॅनने दिली असं मी म्हणणार नाही, ती आतूनच यायची होती. डॉक्टरांनी विचारलं खातो काय, मी म्हटलं दूध-पोळी, वरणभात, कधी चिकनचा रस्सा. ते हसले. केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, रोजच्या प्रोटीनचा पाव हिस्सा तरी कातडी आणि केसांत जातो, तो पोळीतून कुठून येणार. आणि रश्श्यात कांदा-लसूण, ते कुत्र्याला विषच, रक्तातल्या लाल पेशी मोडतात. आता उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन, आणि आठवड्यातून दोनदा दिवाळे गावच्या बाजारातला बांगडा, उकडून, काटे काढून (काटे काढायचं काम नवऱ्याकडे, चष्मा लावून बसतो). सोबत डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं फिश ऑइल. घेताना पुढचे मोठे आकडे बघू नका, 1000 मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए (माशातलं कामाचं ओमेगा-3) मिळून बहुतेक 300 च असतं, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात ए आणि डी जीवनसत्त्व असतं, जास्त झालं तर अंगात साठतं. जवसाचं पण विचारलं मी, पण त्यातलं ओमेगा कुत्र्याच्या शरीरात फार थोडं बदलतं म्हणे. दोन महिने काही दिसलं नाही, मी कंटाळले होते, मग एक दिवस खिडकीतल्या उन्हात तो पाठ करून झोपला होता आणि पाठीवर तांब्यासारखी रेघ दिसली.

सध्या दर चार आठवड्यांनी व्हॅन, मधे घरी एक दिवसाआड विंचरणं, पाऊण तास नाही, दहा मिनिटं. पाचपैकी चार स्टार, एक उशिराचा कापला. बुकिंग करताना सकाळचा पहिला स्लॉट मागा, टाकीतलं पाणी तेव्हा भरलेलं असतं आणि मुलगा दमलेला नसतो. आणि गाडी गेटसमोर नाही, मागच्या गटाराजवळ लावायला सांगा.