कॅलगरीचं हेरिटेज पार्क : हॉटेल मागाहून बघा, आधी धान्याचं कोठार गाठा

कॅनडातल्या कॅलगरीत मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना इथली मंडळी हमखास हेरिटेज पार्कला नेतात. कसं आहे विचारलं तर उत्तर ठरलेलं: “छान आहे, वाफेची आगगाडी आहे, मुलांना आवडतं.” मी उभी हयात सार्वजनिक बांधकाम खात्यात काढली. मला आगगाडीत बसवलं तरी नजर स्लीपरांवर जाते. तेव्हा हा रिव्ह्यू बांधकामवाल्याचा आहे, हे धरून चाला.

ग्लेनमोर जलाशयाच्या काठावर 127 एकरांत हे जुनं ‘गाव’ आहे. 1964 च्या 1 जुलैला ते लोकांना खुलं झालं. खरं तर असं गाव कधी कुठे नव्हतंच. अल्बर्टा प्रांतात ठिकठिकाणी उभ्या असलेल्या इमारती उचलून इथे आणल्या, आणि ज्या उरल्याच नव्हत्या त्या नव्याने हुबेहूब बांधल्या. म्हणून माझं पहिलं सांगणं: आत शिरण्याआधी ही इमारत मूळची की नवी, हे विचारून घ्या. गणवेशातले, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कपड्यांतले, कर्मचारी हौसेने सांगतात.

वेनराइट हॉटेल सगळ्यात रुबाबदार. फोटो काढायला गर्दी तिथेच. पण ते नवं बांधलेलं आहे. मूळचं हॉटेल वेनराइट गावात होतं आणि 1929 च्या आगीत गेलं. जलाशयात फिरवणारी मोयी बोटही मूळच्या निम्म्या आकाराची नक्कल. खरी मोयी 1898 ची, ती ब्रिटिश कोलंबियात कॅस्लोला आहे. नकला सुबक आहेत, आमच्या सौ. बोटीवर खूशही होत्या. पण माझे पाय तिथे रेंगाळले नाहीत.

पाय रेंगाळले ते धान्याच्या लाकडी कोठारापाशी. प्रेअरीवर, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मैदानांवर, रेल्वेलगत अशी उंच कोठारं असायची, त्यांना इथे एलेव्हेटर म्हणतात. हे शॉन्ट्स नावाच्या ठिकाणाहून आणलेलं आहे. भिंती नीट बघा. फळ्या उभ्या ठोकलेल्या नाहीत. आडव्या टाकून, थरावर थर चढवून, खिळ्यांनी जखडलेल्या आहेत. सुटं धान्य भिंतीला बाहेर ढकलतं आणि तळाशी तो रेटा सगळ्यात जास्त. त्यामुळे अशा कोठारात खालच्या फळ्या रुंद, वरच्या अरुंद ठेवत. म्हणजे खाली भिंत जाड, वर पातळ. नकाशावर सही करताना आम्ही जे तपासायचो तेच, फक्त इथे ते सुताराने हाताने केलंय.

कामाची पद्धत तर पाहतच राहावी अशी. शेतकरी घोडागाडी घेऊन थेट आत, वजनकाट्यावर यायचा. गाडी तिरपी केली की गहू खालच्या खड्ड्यात. तिथून रहाटगाडग्यासारखी पट्ट्याला लावलेली पात्रं तो माथ्यापर्यंत नेत, आणि वरून नळीने हव्या त्या कप्प्यात सोडत. खाली आगगाडीचा डबा लावला की माल रवाना. 1930 च्या दशकात प्रेअरीवर अशी 5,700 हून जास्त कोठारं होती. आता लाकडी मोजकीच उरलीत. प्रत आणि कटती ठरवणार कोठारवाला, तक्रार करणार शेतकरी! सांगलीच्या मार्केट यार्डात लहानपण गेलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. वैतागून शेतकऱ्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. त्यातली ‘अल्बर्टा व्हीट पूल’ ही संस्था 1923 ची. जावयाला हे सांगत बसलो, तोवर नात तिकडे पाळण्यांकडे पळाली होती.

दुसरी चुकवू नये अशी वास्तू म्हणजे सॅम लिव्हिंग्स्टनचं घर. हा आयरिश माणूस कॅलगरीच्या अगदी सुरुवातीच्या शेतकऱ्यांपैकी. त्याची बायको जेन हाउस ही मेटी, म्हणजे इथले मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, समाजातली. त्याची शेती कुठे होती? पार्कच्या कडेला जो जलाशय दिसतो, त्याच्या पाण्याखाली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला धरण झालं आणि जमीन बुडाली. आमच्याकडे कोयनेच्या काठचं कुणी सोबत असेल तर त्याला मुद्दाम हे घर दाखवा.

प्रिन्स हाउस 1894 चं, विटांचं, ऐसपैस. लाकडाच्या वखारीचा कारभारी पीटर प्रिन्स याचं. कॅलगरीतल्या प्रिन्सेस आयलंडला नाव याचंच. वीज पुरवणारी कंपनीही तोच चालवायचा, त्यामुळे घरात दिवे लवकर आले यात नवल नाही. कॅनमोरहून आणलेलं लाकडी ओंडक्यांचं नाटकगृहही बघा, 1898 चं. 1972 मध्ये तिथेच एक व्यावसायिक नाटक मंडळी सुरू झाली. आम्हा नाटकवेड्यांना ते पुरेसं आहे.

मनात मात्र घर केलं ते छोट्या सिनेगॉगने, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाने. बाहेरून अगदी साधं लाकडी घर. रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी पूर्व अल्बर्टाच्या कोरडवाहू पट्ट्यात माँटेफिओरे नावाची वसाहत केली होती. दहा डॉलर फी भरून सरकारकडून 160 एकर, अट एवढीच की जमीन कसायची आणि तिथे राहायचं. पाऊस रुसला, माणसं निघून गेली, सिनेगॉग विकलं गेलं आणि हॅना गावात कुणाचं तरी राहतं घर झालं. पुढे ते शोधून 2009 च्या सुमारास इथे आणून पुन्हा सिनेगॉग म्हणून सजवलं. आत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. लाकडी बाकं, लहानशी खोली, बस.

उणीव? गाव उघडं असतं मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे लोक बघतात तो उन्हाळा. डांबरी कागद ठोकलेल्या झोपडीत उणे तीसमध्ये राहायचं म्हणजे काय, हे हाफ पँटीत आइस्क्रीम खाणाऱ्याला कसं कळणार? आणि 1877 च्या सातव्या कराराने ब्लॅकफूट आणि शेजारच्या मूळ रहिवाशांची जमीन सरकारकडे गेली, तेव्हा कुठे ही गावं वसायला वाट मोकळी झाली. तो भाग समजून घ्यायचा तर मुद्दाम विचारावं लागतं. मी तरी जाण्याआधी वाचून जा असंच म्हणेन.

आता व्यवहाराचं. तिकीट स्वस्त नाही, आधी वेबसाइटवर दर बघा. चाल पुष्कळ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर आधी आगगाडीने एक फेरी मारा, मग हव्या त्या स्टेशनवर उतरा. पाणी, टोपी आणि जुलैतसुद्धा एक जाकीट जवळ हवं, इथे दुपारी गारा पडायला वेळ लागत नाही. शाकाहारी मंडळींनी बेकरीवर भागवावं. ताजा पाव सकाळी मिळतो, दुपारी बहुधा संपलेला असतो. लहान मुलं सोबत असतील तर कोठार आणि सिनेगॉग आधी उरका. एकदा का ती पाळण्यांत बसली की तुम्ही तिथेच पर्स सांभाळत उभे.